कर्बाच्या हिशेबात धरणाचे पाणीही धरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कार्बन क्रेडिट, वृक्षलागवड आणि शेतजमिनीतील सेंद्रिय कर्ब यांविषयी अलीकडे वृत्तपत्रांतून वरचेवर वाचायला मिळते, याचे समाधान वाटते. मात्र या चर्चेत कर्ब एकतर जमिनीत असतो नाहीतर हवेत, असे धरून चालले जाते आणि मधले पाणी हिशेबातून सुटते. भीमा नदीवरील उजनी धरणाच्या पाणफुगवट्यालगत राहणाऱ्यांना ही उणीव विशेष जाणवते.

माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्याच्या खाली असला की ‘कमी’ असा शेरा पडतो. उसाचे पाचट पेटवले की पिकाने वर्षभरात हवेतून घेऊन त्यात साठवलेल्या कर्बाचा मोठा हिस्सा तासाभरात हवेत परत जातो. ते सरीत कुजवले तरी सूक्ष्मजीवांच्या श्वसनावाटे बराचसा जातोच. पण थोडा का होईना, मातीत मुरतो. पुढे वळवाच्या एखाद्या जोरदार सरीने वरचा सुपीक थर ओढ्याला लागला की तोही भीमेत येतो. इथून पुढचा प्रवास आपण मोजतच नाही.

2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासाच्या अंदाजानुसार, जगभरात जमिनीवरून नद्या-तलावांत दरवर्षी सुमारे 1.9 अब्ज टन कर्ब उतरतो. त्यापैकी 0.9 अब्ज टन समुद्राला मिळतो, 0.2 अब्ज टन गाळात गाडला जातो आणि किमान 0.8 अब्ज टन वाटेतूनच वायुरूपाने हवेत परततो. (आपल्या बेसाल्टचेही, म्हणजे काळ्या पाषाणाचेही, इथे एक काम आहे: हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेले पावसाचे पाणी हा खडक अतिशय सावकाश झिजवते आणि तो कर्ब बायकार्बोनेटच्या रूपाने भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागरापर्यंत जातो. हा मार्ग खात्रीचा असला तरी त्याची गती आपल्या घाईला पुरणारी नाही.)

उजनीची गोष्ट निराळी आहे. शेतातील गाळाबरोबरच पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील सांडपाणीही मुळा-मुठा, इंद्रायणीमार्गे येथे येते. त्यातील नत्र-स्फुरदावर शेवाळ आणि जलपर्णी माजते, मरते आणि तळाशी बसते. तळाशी प्राणवायू नसल्याने तेथे कुजण्यातून मिथेन तयार होतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबाने वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या 25 पटींहून अधिक उष्णता अडवतो. उन्हाळ्यात उथळ पाण्यातल्या गाळात काठी खुपसली की भराभर बुडबुडे वर येतात, हे काठावरच्या कोणत्याही मच्छीमाराला ठाऊक आहे. धरण ‘मायनस’मध्ये गेले, म्हणजे साठा उपयुक्त पातळीच्याही खाली उतरला, की पाण्याचा दाब घटतो आणि हे बुडबुडे अधिक सहजपणे सुटतात; मैलोन्‌मैल उघड्या पडलेल्या गाळातला कर्ब हवेचा स्पर्श होताच जोमाने कुजू लागतो. याच गाळावर आम्ही गाळपेर घेतो आणि त्याच्या सुपीकतेचे कौतुकही करतो, ते काही खोटे नाही.

जलाशयांतून होणारे उत्सर्जन मोजण्याची पद्धत आयपीसीसी या हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या 2019 च्या सुधारित मार्गदर्शिकेत दिलेली आहे. जलसंपदा विभागाने एखाद्या विद्यापीठाच्या साहाय्याने उजनीवर वर्षातून किमान दोनदा, धरण भरलेले असताना आणि तळ गाठलेला असताना, ही मोजणी करून आकडे जाहीर करावेत. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत उचलला जाणारा गाळ शेतात पडण्यापूर्वी त्यातील सेंद्रिय कर्ब तपासावा आणि पुढील दोन-तीन वर्षे त्याच शेताची माती पुन्हा तपासून त्यातला किती टिकला हे पाहावे; नाहीतर धरणातून काढलेला कर्ब शेतात जिरला असे आपण कागदावर लिहू आणि तो केव्हाच हवेत गेलेला असेल. शहरांनी सांडपाणी प्रक्रिया करूनच नदीत सोडावे, ही आमची मागणी आजवर पिण्याच्या पाण्यापुरती पाहिली गेली. तिची नोंद राज्याच्या हवामानविषयक कृती आराखड्यातही व्हावी.

आपला,
एक वाचक, ता. इंदापूर