रंगवण्याआधी वाचा: कोकणातल्या बेने इस्राएल कबरींवरची अक्षरं

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळा ओसरला की रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल (कोकणातला मराठी बोलणारा ज्यू समाज) कबरस्तानांत साफसफाई करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. झुडपं तोडा, वाट मोकळी करा, कुंपण नीट करा. पण दगडावरचं अक्षर वाचून उतरवून घेतल्याशिवाय त्याला ब्रश, ॲसिड किंवा ऑइलपेंट लावू नका. सद्भावनेनं केलेल्या रंगकामात शंभर-सव्वाशे वर्षांचा मजकूर एका दुपारी बदलून जातो, आणि तो बदलला हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

एक उदाहरण देतो. पारंपरिक हिब्रू लेखनात आकड्यांसाठी वेगळी चिन्हं नाहीत, अक्षरंच आकडे होतात. 'तव' हे अक्षर म्हणजे ४००, 'रेश' २००, 'नून' ५०, 'हे' ५. ही चार अक्षरं ओळीनं कोरली असतील तर बेरीज ६५५. वरचे ५००० बहुधा लिहीत नाहीत, ते धरून चालायचं. म्हणजे हिब्रू वर्ष ५६५५. इसवी सन काढायला ६५५ मध्ये १२४० मिळवा, १८९५ येतं. मृत्यू तिश्री महिन्यातल्या नव्याच्या सणापासून (म्हणजे हिब्रू नववर्षापासून) ३१ डिसेंबरपर्यंतचा असेल तर १२३९ मिळवायचे, म्हणजे १८९४. आता यातलं शेवटचं अक्षर पाहा. 'हे' या अक्षराचा डावा पाय वरच्या आडव्या रेघेला चिकटत नाही, मध्ये बारीक फट असते. ती फट चुन्यानं किंवा रंगानं बुजली की 'हे'चं 'खेत' होतं, आणि 'खेत' म्हणजे ८. वर्ष होतं ५६५८, म्हणजे १८९७-९८. मुंबईत प्लेग उघडकीला आला सप्टेंबर १८९६ मध्ये. प्लेगच्या आधी गेलेलं माणूस प्लेगच्या ऐन भरात गेलं, असं तो दगड सांगू लागतो. रंगाच्या एका फटकाऱ्यानं तीन वर्षं सरकली.

अशा फसव्या अक्षरजोड्या हिब्रूत बऱ्याच आहेत. दालेत (४) आणि रेश (२००) यांत फरक फक्त उजव्या कोपऱ्याचा: दालेतचा कोपरा टोकदार, रेशचा गोल. बेत (२) आणि काफ (२०) यांत खालच्या कोपऱ्याची किंचित शेपटी. वाव (६) आणि झयिन (७) यांत माथ्याचा आकार. जांभ्यावर किंवा झिजलेल्या काळ्या दगडावर हे फरक एखाद-दोन मिलिमीटरचे उरतात, आणि हिब्रू न जाणणारा रंगारी ते आपल्या अंदाजानं 'नीट' करतो. अक्षरांवरच्या तिरक्या खुणा किंवा टिंबं त्याला डाग वाटतात, तो ती पुसून टाकतो. खरं तर 'इथे शब्द नाही, आकडा किंवा संक्षेप आहे' हे सांगणारी खूण तीच असते.

काही ठिकाणी चूक दिसते पण ती चूक नसते. महिन्याचा पंधरावा दिवस १० + ५ असा न लिहिता ९ + ६ असा लिहितात, सोळावा ९ + ७. कारण 'योद' (१०), 'हे' (५) आणि 'वाव' (६) ही देवाच्या नावाची अक्षरं आहेत, 'योद'ला जोडून 'हे' किंवा 'वाव' हिशेबात वापरायचं नाही. तसंच १९८३-८४ मधल्या दगडांवर वर्षाची शेवटची दोन अक्षरं उलटी दिसतील. ५७४४ सरळ लिहिलं तर नाश या अर्थाचा शब्द तयार होतो, म्हणून मेम आणि दालेत यांची जागा बदलतात. तारीख लिहितानाही अभद्र शब्द मेलेल्या माणसाच्या डोक्याशी राहू नये, ही ती काळजी. 'दुरुस्ती' म्हणून कुणी ती अक्षरं सरळ करू नयेत.

हिब्रू मजकूर साधारण असा असतो. माथ्यावर पे आणि नून ही दोन अक्षरं: 'इथे पुरले आहे'. मग नाव, 'बेन' किंवा 'बात' (मुलगा, मुलगी), वडिलांचं नाव, दिवस, महिना, वर्ष. तळाला पाच अक्षरं: तव, नून, त्सादी, बेत, हे. रंगारी बहुतेक वेळा यांना नक्षी समजतो. ते एका वाक्याचं संक्षिप्त रूप आहे, अर्थ असा: 'त्याचा (किंवा तिचा) जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो.' हे शब्द बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातले, २५व्या अध्यायातले. अबीगईल नावाची स्त्री ते पुढे राजा झालेल्या दाविदाला म्हणते, आणि दाविद तेव्हा जिवंत आहे, शत्रू त्याच्या पाठीवर आहेत. जित्या माणसाच्या रक्षणासाठी उच्चारलेला आशीर्वाद कबरीवर कोरतात, आणि हिब्रूत कबरस्तानाला 'जीवितांचं घर' असंही नाव आहे. या समाजाची मृत्यूबद्दलची समजूत त्या पाच अक्षरांत आहे, आणि झिजून पहिली जाते ती बहुधा हीच तळाची ओळ, कारण पावसाचं पाणी आणि माती तिथेच साचते. वाचताना दगडाच्या पायथ्याची माती हातानं चार बोटं बाजूला करून पाहा.

आता मराठी भागाबद्दल, कारण मराठी वाचकांचं काम खरं तिथेच आहे. हिब्रू भागात आडनाव सहसा नसतं. आडनाव मराठीत असतं, आणि ते गावाचं असतं: दिवेकर, पेणकर, रोहेकर, केहिमकर, नवगावकर. नुसतं हिब्रू वाचलं तर 'अब्राहमचा मुलगा इसहाक' एवढंच हाती लागेल, आणि असे इसहाक एका कबरस्तानात पाच निघतील. मराठी ओळ वाचली की गाव कळतं, हुद्दा कळतो, कधी वय कळतं. नावंही दोन्हीकडे वेगळी असतात. हिब्रूतला शमुवेल मराठीत सामाजी असतो, यहेज्केल हसाजी असतो. मुंबईत १७९६ साली पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनामंदिर) बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हेच इंग्रजी कागदांत सॅम्युएल इझिकेल दिवेकर आहेत. हे माहीत नसलेला माणूस एका कबरीच्या दोन नोंदी करून बसतो.

हुद्द्यांकडे आणि किताबांकडे नीट लक्ष द्या. सुभेदार, जमादार, सुभेदार मेजर, सरदार बहादूर: मुंबई इलाख्याच्या पलटणींत या समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या होती. पुढे रेल्वे, पोस्ट, कस्टम्स या नोकऱ्या आल्या आणि दगडावर इंग्रजी आलं. ज्यांना शेजारी 'शनवार तेली' म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत, त्या समाजाचा घाण्यापासून पलटणीपर्यंत आणि पलटणीपासून कचेरीपर्यंतचा प्रवास असा एका रांगेत उभा असतो. हिब्रू अक्षर मात्र कोकणात मागाहून रुजलं. मराठीतून शिकवणारं हिब्रू व्याकरण मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत छापलं. वल्हांडण या ज्यू सणाच्या प्रार्थनांचं हिब्रू-मराठी पुस्तक १८४६ साली निघालं. त्यामुळे जुन्या कबरींवर हिब्रू नसणं हे धर्म विसरल्याचं लक्षण समजू नये. नवगावला तर अक्षर नसलेलेच उंचवटे आहेत, जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांच्या दफनाची जागा म्हणून समाज त्यांना मानतो. कोऱ्या दगडाला 'बेवारस' समजून हलवू नका.

केरळातल्या चेन्नमंगलमचा दगड याहून कितीतरी जुना, सारा बात इस्राएल या बाईचा. त्यावरचं वर्ष १५८१ आहे. सृष्टीच्या आरंभापासूनची नेहमीची गणना इथे नाही. जुन्या दस्तऐवजांत चालणाऱ्या ग्रीक राजवटीच्या शकानं हे वर्ष मोजलेलं आहे, त्यातून ३१२ वजा केले की १२६९ येतं. भलत्या शकानं मोजलं तर दगड शतकांनी इकडेतिकडे होतो, म्हणून आकडा उतरवताना तो जसा आहे तसाच उतरवावा आणि इसवी सन शेजारी वेगळा लिहावा.

तारखांचा आणखी एक घोळ. ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. ९ तारखेला रात्री आठला माणूस गेलं तर हिब्रू तारीख पुढच्या दिवसाची पडते. दोन तारखा एका दिवसानं जुळत नसतील तर दोन्ही बरोबर असण्याचीच शक्यता जास्त. वर्षश्राद्धासारखी आठवण हिब्रू तारखेनं पाळतात, त्यामुळे घरच्यांना तीच लागते. आणि आपल्या अधिक मासासारखा त्यांच्याकडेही १९ वर्षांत ७ वेळा जादा महिना येतो, अदार दोनदा. दगडावर 'पहिला' की 'दुसरा' ते लिहिलेलं असेल तर टिपायला विसरू नका, नाहीतर तारीख महिनाभर चुकेल.

वाचायचं कसं? सकाळी लवकर किंवा दिवस कलताना जा, तेव्हा ऊन दगडावर आडवं पडतं आणि उथळ अक्षरंही सावलीनं उठून दिसतात. दुपारी बारा वाजता तोच दगड कोरा वाटतो. सावलीतल्या दगडावर साध्या आरशानं बाजूनं ऊन टाका. खडू, पीठ, शेव्हिंग क्रीम अक्षरांत भरू नका, ते छिद्रांत राहतं आणि ओल धरतं. कागद लावून पेन्सिलनं ठसा घेणंही भुसभुशीत जांभ्यावर टाळा, पापुद्रे कागदाबरोबर निघून येतात. साफ करायला स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश पुरे. तारेचा ब्रश, ब्लीच आणि फरशीचं ॲसिड नकोच, संगमरवर तर ॲसिडनं डोळ्यांदेखत विरघळतो. संगमरवरी पाट्यांवर अक्षरांत शिसं भरलेलं असतं. ते गळालं असेल तर अक्षराच्या खोबणीत ते धरून ठेवणारी बारीक भोकं उरतात, त्या भोकांच्या रांगेवरूनही अक्षर ओळखता येतं. म्हणून ती सिमेंटनं बुजवू नयेत. कबरीतून उगवलेलं पिंपळाचं रोप ओढून काढू नका, दगड उचकटतो. बुंध्याशी कापा.

फोटो घेताना आधी पूर्ण कबर, मग प्रत्येक ओळ जवळून, मग मागची आणि बाजूची पाटी, आणि रांगेतली जागा. मजकूर ओळीला ओळ ठेवून उतरवा. गेलेलं अक्षर अंदाजानं न भरता चौकोनी कंसात जागा सोडा. कोरणाऱ्याची चूक असली तरी ती तशीच ठेवा. संगणकावर हिब्रू आणि मराठी एका ओळीत टंकू नका: एक उजवीकडून चालते, दुसरी डावीकडून, आणि आकडे मधल्यामध्ये उलटतात.

कबरस्तान सिनेगॉगच्या विश्वस्तांच्या ताब्यात असेल तर आधी त्यांची परवानगी घ्या. शनिवारी आणि सणाच्या दिवशी जाऊ नका, डोकं झाका, कबरीवर पाय देऊ नका. ज्यूंत कबर कायमची असते, ती रिकामी करून पुन्हा वापरत नाहीत.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. तिथे हिब्रू वाचणारे नातू आहेत, पण त्यांतल्या अनेकांना देवनागरी वाचता येत नाही. इथे देवनागरी वाचणारे आहेत, त्यांना हिब्रू येत नाही. अलिबाग, पेण, मुरुड, म्हसळा इथल्या इतिहास आणि मराठीच्या शिक्षकांनी मराठी ओळी उतरवल्या आणि फोटो त्या नातवंडांकडे पाठवले, तर दोन्ही भाषा मिळून एक दगड पुरा वाचता येईल. उत्तर यायला आठ-पंधरा दिवस लागतील. तोवर रंगाचा डबा उघडू नये.

आपला,
एक वाचक, अलिबाग