पंक्चर काढण्यासाठी दिलेल्या मोटरसायकलचा टायर परस्पर बदलल्याबाबत तक्रार

दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मोटरसायकल उत्पादक कंपनी, मुख्य कार्यालय

विषय : सातारा येथील अधिकृत सेवा केंद्राने दुरुस्त होण्याजोगा टायर न तपासता व माझी संमती न घेता बदलल्याबाबत, तसेच त्याची रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या मोटरसायकलचा ग्राहक असून वाहनाचे सर्व काम आजवर आपल्या सातारा येथील अधिकृत सेवा केंद्रातच करून घेतले आहे. गेल्या आठवड्यात पुण्याहून साताऱ्याकडे येत असताना खंबाटकी घाट ओलांडल्यावर गाडीचे मागचे चाक हलके डोलू लागले, म्हणून मी पाचवडच्या पेट्रोल पंपावर थांबून पाहिले, तेव्हा टायरच्या बरोबर मधल्या पट्ट्यात एक खिळा रुतलेला दिसला. टायर ट्यूबलेस असल्यामुळे हवा एकदम गेलेली नव्हती. खिळा उपसला असता तर छिद्र मोकळे झाले असते, म्हणून तो तसाच ठेवून हवा भरली, कमी वेगाने सातारा गाठले आणि गाडी थेट सेवा केंद्रात लावली.

तेथील सल्लागाराने माझ्यासमोर जॉबकार्डावर ‘मागील चाक पंक्चर, टायर उतरवून आतून पॅच’ असे लिहिले व त्याखाली माझी सही घेतली. बाहेरून स्ट्रिप (रबराची चिकट पट्टी) ठोसून पंक्चर काढण्याचे काम रस्त्यावरच्या कोणत्याही दुकानात झाले असते. मला टायर उतरवून, आतून तपासून, मशरूम पॅच (देठ छिद्रात व टोपी आतून चिकटणारे रबरी ठिगळ) बसवून हवा होता आणि त्यासाठी लागणारे यंत्र व माणूस अधिकृत केंद्रात असेल, एवढ्याच अपेक्षेने मी तेथे गेलो. संध्याकाळी गाडी घ्यायला गेल्यावर हातात पडलेल्या बिलात नवा टायर, बसवणावळ आणि बॅलन्सिंग मिळून २,९४० रुपये लावलेले होते. दिवसभरात मला एकही फोन आला नव्हता. गाडी सोडवायची असेल तर पूर्ण रक्कम भरावी लागेल असे सांगण्यात आल्याने ती मी बिलावर ‘हरकतीसह’ असा शेरा लिहून भरली.

टायर का बदलला, या साध्या प्रश्नाला मला तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली. सल्लागार म्हणाला की ट्यूबलेस टायरचे पंक्चर न काढण्याचे कंपनीचे धोरण आहे. हे धोरण लेखी दाखवा म्हटल्यावर व्यवस्थापक पुढे आले आणि त्यांनी पॅच केलेला टायर महामार्गावरील वेगाला सुरक्षित नसतो असे सांगितले. शेवटी, टायर तसाही जुना झाला होता, असे तिसरे कारण निघाले. उतरवलेला टायर मागितला तेव्हा तो भंगारात गेल्याचे उत्तर आले. मात्र बिलावर तसे लिहून द्या म्हणताच तो पाच मिनिटांत मागच्या शेडमधून सापडला. तो टायर आज माझ्या ताब्यात आहे आणि ही तक्रार त्याच्याच आधारावर उभी आहे.

दुसऱ्या दिवशी मी तो टायर शहरातील एका जुन्या टायर दुकानात नेला. दुकानदाराने तो उजेडात पसरवून आतल्या बाजूने संपूर्ण हात फिरवला. हवा नसताना गाडी रेटली असती तर साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, आत गोलाकार वळी पडली असती आणि घासलेल्या रबराची काळी भुकटी हाताला लागली असती. तसे काहीही आढळले नाही. छिद्र खाचांच्या पट्ट्यात मधोमध असून खांद्यापासून (पट्टा व साइडवॉल जुळतात त्या कडेपासून) व साइडवॉलपासून दूर आहे. आतून सरळ दुरुस्तीसाठी सर्वसाधारणपणे सहा मिलिमीटरपर्यंतचे छिद्र चालते, हे तर त्याच्या निम्मेही भरत नाही. खाचेची उरलेली खोली साडेतीन मिलिमीटर भरली. दुचाकीच्या टायरसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ठरवलेली किमान खोली ०.८ मिलिमीटर आहे, आणि खाचेच्या तळाशी असलेल्या झिजेच्या खुणेपर्यंत टायर अजून पोहोचलेला नाही. म्हणजे ज्याला आपण गोटा झालेला टायर म्हणतो, त्याच्या जवळपासही तो नव्हता. त्या दुकानदाराने मशरूम पॅचचे अडीचशे रुपये सांगितले.

आता ‘जुना’ या कारणाविषयी. टायरच्या बाजूवर उत्पादनाचा आठवडा व वर्ष चार अंकांत छापलेले असते. माझ्या टायरवर २२२३, म्हणजे २०२३ सालचा बाविसावा आठवडा, असा शिक्का आहे. बसवून दिलेल्या ‘नव्या’ टायरवर ०९२४ आहे. म्हणजे वयात दोघांत जेमतेम नऊ महिन्यांचे अंतर आहे. गोदामात नीट ठेवलेला टायर इतक्या काळात खराब होत नाही हे मला मान्य आहे, परंतु मग तेच माप माझ्या टायरला का लावले नाही, याचे उत्तर केंद्राने द्यायला हवे.

पंक्चर झालेला प्रत्येक टायर दुरुस्तच करावा, असा माझा आग्रह नाही. खिळा साइडवॉलमध्ये किंवा खांद्यावर घुसला असता, रबराखालचे धागे तुटले असते किंवा टायर फुगला असता, तर मी स्वतःच नवा टायर टाका असे सांगितले असते, कारण वळणावर गाडी झुकते तेव्हा साइडवॉल सतत वाकत असते आणि तेथे लावलेला पॅच टिकत नाही. मोटरसायकलला दोनच चाके असल्यामुळे या बाबतीत चारचाकीपेक्षा अधिक कडक राहावे, हेही मला पटते. मात्र कडक राहणे म्हणजे आधी नीट तपासणे, आणि तीच पायरी येथे गाळली गेली. जॉबकार्डावर छिद्राची जागा, आकार, खाचेची खोली किंवा आतील स्थिती यांपैकी एकाही गोष्टीची नोंद नाही. टायरमध्ये खिळाही तसाच होता! तो न काढता, आत न पाहता टायर निकामी ठरवणारा तंत्रज्ञ कोणत्या आधारावर निर्णय घेतो, हे मला समजलेले नाही.

ज्या सुरक्षिततेचे कारण मला सांगण्यात आले, तिची काळजी नवा टायर बसवताना मात्र घेतली गेली नाही. टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. मागील चाकाचा बाण वरच्या बाजूला आणून पाहिले असता तो गाडीच्या मागच्या दिशेला रोखलेला दिसला. टायर उलटा बसवलेला आहे. खाचांची रचना पाणी बाहेर फेकण्यासाठी दिशेनुसार केलेली असते, आणि सातारा परिसरातील पावसात हा दोष किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. त्याचे छायाचित्र जोडले आहे. ही चूक दाखवल्यावर केंद्राकडून ‘पुढच्या सर्व्हिसिंगला फिरवून देऊ’ असे उत्तर मिळाले. तोपर्यंत गाडी कशी चालवायची, याबद्दल कोणी काही बोलले नाही, आणि मी ती सध्या घरीच उभी ठेवली आहे.

आपणाकडे माझी मागणी अशी आहे की नवा टायर केंद्राने परत घ्यावा, माझ्या जुन्या टायरला आतून पॅच करून तो योग्य दिशेने व बॅलन्स करून बसवावा, आणि पंक्चरचे वाजवी शुल्क वजा करून बिलाची उर्वरित रक्कम परत करावी. हे काम दुसऱ्या केंद्रात व्हावे, कारण या केंद्राच्या हाती तोच टायर पुन्हा देण्याची माझी तयारी नाही. तसेच ट्यूबलेस टायरचे पंक्चर न काढण्याचे धोरण कंपनीचे खरोखर असेल तर त्याची प्रत मला द्यावी, आणि नसेल तर तसे लेखी कळवून सदर केंद्राला समज द्यावी.

संमतीशिवाय काम करून त्याचे पैसे घेणे हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीचा व अनुचित व्यापार प्रथेचा विषय आहे, असे माझे म्हणणे आहे. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत समाधानकारक कार्यवाही न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवेन व आवश्यक वाटल्यास सातारा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. जुना टायर आपल्या प्रतिनिधीला माझ्या घरी येऊन केव्हाही तपासता येईल. तो निकालापर्यंत माझ्याच ताब्यात राहील.

आपला,
एक ग्राहक, सातारा

सोबत : जॉबकार्ड व बिलाची प्रत, दोन्ही टायरवरील उत्पादन क्रमांकांची, छिद्राची आणि दिशादर्शक बाणाची छायाचित्रे.