लांबच्या टूरची तयारी – सगळ्यांनी वाचा

मंडळी, रत्नागिरीवरून जम्मूपर्यंत स्लीपरनेच जायचंय नि पुढे श्रीनगरला, म्हणून आत्ताच सांगतेय. रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं, सकाळी आठला तयार रहा, तत्काळच्या भरवशावर कोणी राहू नका, आणि त्यालाही आता आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं लागतं. साठीच्या वरचे काका नि पंचेचाळीशीच्या वरच्या ताया यांनी आपली तिकिटं दोघादोघांची वेगळी काढा, कारण लोअर बर्थचा कोटा एका तिकिटावर दोघांपर्यंतच चालतो, सहा जणांचं एकत्र काढलंत की गेला.

श्रीनगरला आपलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं, म्हणून ग्रुपात दोन-तीन पोस्टपेड तरी हवेतच. तिथे नेट दगा देईल, थोडी कॅश आतल्या खिशात ठेवा.

थर्मल घ्या हो, आपल्याकडच्या थंडीत वापरतो तो स्वेटर तिथे काय पुरणार! गोळ्या महिनाभराच्या, चिठ्ठीसकट. बॅग सीटखाली जाईल एवढीच, साखळी-कुलूप घ्या. मेतकूट नि कोकमाच्या आगळाची बाटली मी घेतेय, आगळ पिशवीत बांधूनच, सांडलं तर कपड्यांचे डाग जात नाहीत. आधारची झेरॉक्स रविवारपर्यंत द्या.