परसातल्या कोंबड्यांच्या देवीची लस वाडीपर्यंत पोहोचू द्या

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर बचत गटांतल्या बायकांबरोबर मी गावठी कोंबड्यांचे काम करते. इथे पाऊस ओसरला, डास वाढले की कोंबड्यांना देवी येते. आधी तुऱ्यावर बारीक फोड, मग काळ्या खपल्या. गेल्या हंगामात एका घरी तलंग पाहिली, दोन्ही पापण्या खपल्यांनी चिकटलेल्या. समोर नाचणी टाकली होती, ती जमिनीवर नुसतीच चोच मारत होती. असे पक्षी देवीने कमी आणि उपाशी राहून जास्त मरतात. घशात पिवळट पापुद्रे धरले, तर मात्र श्वास कोंडूनच जातात. खपल्यांवर हळद-तेल लावतात, पण या विषाणूवर औषध नाही. माणसाला हा रोग होत नाही, त्यामुळे त्याची ओरडही होत नाही. बर्ड फ्लूत कोंबड्या मारल्या तर भरपाई तरी मिळते. देवीने गेलेल्या कोंबडीची साधी नोंदही दवाखान्यात होत नाही.

लस आहे, जुनी आहे आणि चांगली आहे. दोन टोकांची सुई लसीत बुडवून पंखाच्या पातळ कातडीतून आरपार टोचायची, एवढेच काम. अडचण कुपीची आहे. एका कुपीत शेकडो मात्रा, आणि एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते. ज्या बाईकडे दहा-बारा पक्षी, तिच्यासाठी कुपी कोण फोडणार? "पक्षी जास्त असतील तेव्हा या," हे उत्तर आमच्या बायकांनी फार वेळा ऐकले आहे. उत्तर देणाऱ्यालाही मी दोष देत नाही. उरलेली लस फेकल्याचा हिशेब त्यालाच द्यावा लागतो.

म्हणून मागणी एकच. पावसाआधी, मे महिन्यात, प्रत्येक पाड्याचा लसीकरणाचा दिवस ठरवून द्या. तारीख आधी कळली तर पहाटे खुराडी उघडण्याआधी सगळ्या घरांचे पक्षी हाताशी असतात आणि एक कुपी एका पाड्यात संपते. सहा-आठ आठवड्यांपुढची सगळी निरोगी पिल्ले त्यात यावीत. टोचायला पशुसखींना, म्हणजे गावातच जनावरांची प्राथमिक काळजी घेणाऱ्या बायकांना, शिकवा, त्यांना सुया आणि बर्फाचा डबा द्या, दिवसाचे मानधन द्या. आठवडा-दहा दिवसांनी त्यांनीच पंख उलटून पाहावे: टोचल्या जागी गाठ किंवा खपली धरली नसेल तर लस लागली नाही, पुन्हा टोचावी लागेल. ही दुसरी फेरी आदेशात लिहिलेली हवी, कारण लिहिली नाही तर ती होत नाही. लहान कुपी काढणे पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला जमण्यासारखे असेल, तर तेही विचारावे.

कोंबडी हा या घरांत बाईच्या हातातला पैसा आहे. वह्या, औषधपाणी, एस.टी.चे भाडे त्यातून निघते, नवऱ्याला विचारावे लागत नाही. येत्या मेपूर्वी आदेश निघाला, तर पाड्यांच्या याद्या करून द्यायला आमचे गट तयार आहेत.

आपली,
बचत गटांची एक कार्यकर्ती, जव्हार