चिऊ, त्या चार महिन्यांच्या पंतप्रधानांबद्दल

चिऊ,

काल फोनवर तू घाईत होतीस म्हणून नीट बोलणं झालंच नाही, आता मागचं आवरलं, बाबा झोपलेत, तर टाइप करत बसलेय. तुझ्या हनोईच्या ऑफिसात त्रान त्रोंग किमचा, म्हणजे 1945 ला चार महिने व्हिएतनामचे पंतप्रधान होते त्यांचा, विषय निघाला आणि कोणीतरी "तो जपान्यांच्या हातातलं बाहुलं" एवढं म्हणून सोडून दिलं म्हणालीस. मला ते टोचलं गं. तू तिकडे गेल्यापासून मी त्या देशाबद्दल मिळेल ते वाचतेय आणि या माणसापाशी येऊन थांबलेय.

मूळचा मास्तर माणूस. 1883 चा जन्म, व्हिएतनाममधल्या हा-तिन्ह प्रांतातला. लहानपणी चिनी अक्षरं गिरवली, मग फ्रेंच शिकले, दुभाष्याची नोकरी केली, मग फ्रान्सला जाऊन शिक्षक होऊन 1911 ला परत आले आणि पुढची तीस वर्षं शाळा एके शाळा. लहान पोरांची भाषेची क्रमिक पुस्तकं ज्यांनी तयार केली त्यात हे होते. 1920 च्या सुमारास देशाचा इतिहास लिहिला, तोही क्वोक न्ग्यू लिपीत, म्हणजे तुला पाट्यांवर दिसतात ना ती टिंबं-टोप्यावाली रोमन अक्षरं. त्याआधी इतिहास वाचायचा तर बहुतेक चिनी लिपी यायला हवी, म्हणजे मूठभरांचंच काम. (आपलं क्रिस्तपुराण पण 1616 ला गोव्यात रोमन अक्षरांतच छापलं होतं, आपल्याकडे ती लिपी रुजली नाही, तिकडे रुजली.)

असा माणूस साठीत राजकारणात आला. तेव्हा तिथे राज्य फ्रेंचांचं, पण महायुद्धात जपानी सैन्यही येऊन बसलेलं. जपानी लष्कराने 1944 च्या सुरुवातीला त्यांना सिंगापूरला नेलं, फ्रेंच पकडतील म्हणून. सोबत जुओंग बा त्राक नावाचे जुने विद्वान होते, ते तिथेच वारले. मग बँकॉक. 9 मार्च 1945 ला जपान्यांनी फ्रेंचांना हाकललं आणि यांना ह्वेला, म्हणजे राजधानीत, व्हिएतनामचा बादशहा बाओ दाईपुढे आणलं. आधी नाहीच म्हणाले होते, पण शेवटी 17 एप्रिलला मंत्रिमंडळ झालं, त्यात डॉक्टर, वकील, प्राध्यापक. संरक्षण खातंच नाही, कारण सैन्य जपानचं. बाहुलं म्हणणाऱ्याचं इथपर्यंत बरोबरच आहे, मी नाही म्हणत नाही.

पण तेव्हा उत्तरेत काय चाललं होतं बघ ना. 1944-45 चा दुष्काळ, माणसं रस्त्यात मरून पडत होती, आकडे चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत सांगतात. वादळ-पूर होताच, पण त्याआधी शेतकऱ्याकडून तांदूळ सक्तीने उचललेला, भाताच्या जागी ताग लावायला लावलेला आणि दक्षिणेत तांदूळ असून वर पोचत नव्हता कारण अमेरिकन बॉम्बिंगने रेल्वे तुटलेली. यांनी तांदूळ वर न्यायची खटपट केली, पण हातात ना गाड्या ना सत्ता. मला वाटतं त्यांची खरी हार तिथे झाली. भुकेल्या माणसाला सरकार कुठे दिसलंच नाही, व्हिएत मिन्हची, म्हणजे हो ची मिन्हच्या स्वातंत्र्य चळवळीतली, पोरं धान्याची कोठारं फोडताना दिसली, मग लोक कोणाच्या मागे जाणार?

आणि तरी एक गोष्ट मला सोडवत नाही. यांचे शिक्षणमंत्री होआंग स्वान हान, गणितातला माणूस. फ्रेंच राज्यात वरचं शिक्षण फ्रेंचमध्येच, तर यांनी शाळा व्हिएतनामी भाषेत आणायचं ठरवलं आणि कामालाही लागले. आणि हे होऊ शकलं कारण या हाननी 1942 लाच गणित, भौतिक, रसायनच्या शब्दांचा कोश काढून ठेवला होता! मंत्री व्हायच्या तीन वर्षं आधी, कोणी सांगितलं नसताना. मी सत्तावीस वर्षं मराठीतून गणित शिकवलंय चिऊ, छेद, अंश, वर्गमूळ हे शब्द पोरांच्या तोंडी बसवायला काय लागतं ते मला माहितीये, तूही त्यातूनच गेलीस. हे वाचताना माझ्या डोळ्यात पाणी आलं.

ऑगस्टमध्ये सगळं संपलं. यांनी राजीनामा दिला, जपान हरला, 30 ऑगस्टला बाओ दाईने ह्वेच्या राजवाड्याच्या दरवाजावर राज्य सोडलं आणि 2 सप्टेंबरला हो ची मिन्हनी हनोईत स्वातंत्र्य जाहीर केलं. किम पुढे हाँगकाँगला वगैरे जाऊन परत आले, आठवणी लिहिल्या, 1953 ला दा लात शहरात वारले. शाळा मात्र नव्या सरकारनेही व्हिएतनामीतच चालवल्या.

एक काम कर. तिकडे जुन्या पुस्तकांच्या दुकानात तो हानचा कोश मिळतो का बघ. मला वाचता नाही येणार, पण ऑफिसातल्या कोणाला तरी विचारून वर्गमूळाला त्यांनी काय शब्द केलाय तेवढा मला कळव, आणि म्हणून पण दाखव फोनवर.

आई