निकषात बसलं की झालं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला यकृताच्या कॅन्सरवरचा लेख वाचला. डॉक्टरसाहेबांच्या अनुभवाबद्दल आदर आहे. पण ‘5 सेंटिमीटरपर्यंतची एक गाठ, किंवा 3 सेंटिमीटरच्या आतल्या जास्तीत जास्त तीन गाठी असतील तर प्रत्यारोपणानंतर काळजीचं कारण नाही’ हे वाचून डोकं भणाणलं. पुण्यातल्या एका रुग्णालयात आम्हालाही हेच सांगितलं होतं.

माझ्या थोरल्या भावाची गाठ 4 सेंटिमीटरची. गाठींच्या या मापांनाच ‘मिलानचे निकष’ म्हणतात. तिथे म्हणाले, ‘मिलानच्या निकषात बसतंय, मुलगा यकृत द्यायला तयार आहे, मग थांबायचं कशाला?’ पुतण्याने यकृताचा उजवा भाग दिला. वर्षाच्या आत तोच कॅन्सर दादाच्या फुप्फुसात निघाला आणि दादा गेला. विम्यासाठी फाईल चाळताना ऑपरेशनच्या आधीचा रक्ताचा रिपोर्ट हाती लागला. अल्फा फीटोप्रोटीन (यकृताच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं एक प्रथिन) 1460, ठळक अक्षरात, शेजारी वर जाणारा बाण. या आकड्याबद्दल आम्हाला कुणी चकार शब्द काढला नव्हता.

तुमच्या लेखातही तो नाही. 1996 च्या ज्या अभ्यासावर मिलानचे निकष उभे आहेत, त्यातल्या 48 रुग्णांपैकीही 4 जणांत कॅन्सर उलटला होता. त्यानंतर 2012 साली फ्रान्सच्या डॉक्टरांनी गुण मोजायची पद्धत काढली. 3 ते 6 सेंटिमीटरच्या गाठीला 1 गुण, आणि अल्फा 1000 च्या वर असेल तर त्याचे एकट्याचे 3. बेरीज 2 च्या वर गेली की रोग उलटण्याचा धोका जास्त. दादाची बेरीज 4 होते. ही बेरीज मी घरी बसून केली, रुग्णालयात कुणाला करता आली नसती का? अमेरिकेत अल्फा 1000 च्या वर असलेल्या रुग्णाला आधी गाठीवर उपचार देतात, आणि हा आकडा 500 च्या खाली आल्याशिवाय यकृताच्या प्रतीक्षायादीत वर सरकवणारे, कॅन्सरसाठीचे जादा गुण देत नाहीत. आपल्याकडे बहुतेक वेळा दाता घरातलाच. यादी नाही, थांबणं नाही.

गाठीतल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत शिरल्यात का (शिरल्या तर रोग उलटण्याचा धोका वाढतो), हे काढलेलं यकृत सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावरच नक्की कळतं, हे मान्य. मग जे आधीच रक्तात दिसतंय ते तरी नातेवाइकांसमोर ठेवायला नको? पुतण्या आता बागेत कामाला लागलाय, पण द्राक्षाचा क्रेट उचलताना अजून पोटाला हात लावतो. माहीत असतं तरी दिलंच असतं, असं तो म्हणतो. दिलं असतंही. पण सही करण्याआधी तो कागद बघायचा त्याचा हक्क होता.

डॉक्टरसाहेबांनी पुढच्या रविवारी अल्फावर चार ओळी लिहाव्यात आणि तुम्ही त्या लेखाएवढ्याच ठळक छापाव्यात, ही विनंती. आणखी एक. त्याच पानाखाली ‘कोणताही यकृतविकार मुळापासून बरा’ अशी काढ्याची जाहिरात होती, खाली फोन नंबरसकट. हिपॅटायटिस बी आणि सिरॉसिसच्या रुग्णांनी, कॅन्सर वेळीच सापडावा म्हणून, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते. ती सोडून काढ्याच्या मागे लागलेली माणसं आमच्याच गल्लीत आहेत. असल्या जाहिराती बंद करा.

आपला,
एक वर्गणीदार, तासगाव (जि. सांगली)