विठोबा सलग दिसला, ताई

ताई,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी होऊन महिना झाला आणि हे पत्र आज लिहितोय. तुमच्या डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं आणि पानं जुळवायच्या, दुकानात तोंडी आभार मानले तेव्हा तुम्ही ‘त्यात काय एवढं!’ म्हणालात आणि पुन्हा कुणाचा तरी प्रतिज्ञापत्राचा मसुदा टाइप करायला बसलात. त्यात काय एवढं, ते आता चार लोकांसमोर सांगतो.

यंदा आपला दिवाळी अंक छापायचा नाही हे ऑगस्टमध्येच ठरलं होतं. कागद झेपेना, टपाल झेपेना, निम्मे वर्गणीदार पुण्या-मुंबईला मुलांकडे राहायला गेलेले. पण नुसती पीडीएफ पाठवायला कार्यकारिणी तयार होईना. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी अंक ही चाळायची वस्तू. मग पडद्यावरही पान उलटलंच पाहिजे, असा हट्ट. त्यात माझाच आवाज मोठा होता.

पान उलटवणारी सोय मी हौसेने स्वतःच करून पाहिली. नेहमीच्या ऑपरेटरने सवयीने छपाईचीच फाइल दिली होती. चारही कोपऱ्यांना कटिंगच्या खुणा, कडेला तीन मिलिमीटर जादा रंग, वजन १८० एमबी. पान उलटायच्या आत चहा गार व्हायचा. पण खरा घोळ मी घातला. मुखपृष्ठाच्या आतलं पान कोरं होतं, ते उगाच कशाला म्हणून काढून टाकलं. मधल्या दोन पानांवर वारीचं आडवं चित्र होतं. डावीकडे दिंडी, उजवीकडे विठोबा. एक पान कमी झालं आणि सगळी पानं एका घराने सरकली. दिंडी उजव्या पानावर आली आणि विठोबा तिच्या पाठीमागे, पान उलटल्यावर! वारकरी निघालेत आणि समोर पापडाची जाहिरात.

तुम्ही पडद्याकडे पाहिलंत, हसलात, आणि म्हणालात, “मुखपृष्ठ एकटं उजवीकडे बसतं. त्यापुढे जोड्या. कोरं पानसुद्धा पानच असतं.” पंचवीस वर्षं डीटीपी केलेल्या माणसाला हे सांगावंही लागत नसेल. मला ते साठाव्या वर्षी कळलं.

मग आठ संध्याकाळी तुम्ही दुकान बंद करून वाचनालयात येत राहिलात. फोटो तीनशेचे दीडशे डीपीआयवर (इंचाला तेवढे ठिपके) आणले, छपाईचे रंग पडद्याच्या रंगांत बदलले, खुणा छाटल्या. फाइल १६ एमबीवर आली. एवढ्यावर थांबला असतात तरी आम्ही खूश होतो.

तुम्ही अंकातली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवून दाखवलीत. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी उमटली. मजकूर श्री-लिपी या जुन्या फॉन्टमध्ये होता. डोळ्यांना मराठी, कॉम्प्युटरला गिचमीड. अंकात कुणी ‘विठ्ठल’ शोधला तर सापडणार नाही. मग सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरलाही मराठी म्हणूनच कळतील अशा अक्षरांत. कन्व्हर्टरने काम झटक्यात केलं, पण ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ केला, ‘वाऱ्या’चा ‘वार्या’. त्यातच पानं मांडायच्या इनडिझाइन प्रोग्राममध्ये एक सेटिंग चुकलं आणि ऱ्हस्व वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या. ते सेटिंग तुम्ही मिनिटात सुधारलंत, पण तो मोडका रफार तुम्ही एकेक करून, पट्टी धरून, ९६ पानांत शोधलात. मी शेजारी बसून फक्त ‘हा बघा अजून एक’ म्हणत होतो.

पान उलटवायच्या सोयीवर फार विसंबू नये, हेही तुमचंच खरं ठरलं. आपला २०१३चा अंक कुणीतरी हौसेने फ्लॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये हलती चित्रं दाखवणाऱ्या अॅडोबीच्या प्रोग्राममध्ये, करून दिला होता. अॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० पासून फ्लॅशला रजा दिली, आणि आता त्या अंकाचं एकही पान उलटत नाही. म्हणून तुम्ही उलटत्या पानांखाली साधी पीडीएफ आणि प्रत्येक लेखाचा सुटा मजकूर ठेवायला लावलात. मला ते तेव्हा थोडं खटकलं होतं. एवढी पानं उलटायची सोय केली आणि खाली साधा मजकूर? पण मोबाइलवर दोन पानं शेजारी म्हणजे मुंगीएवढी अक्षरं. वाचकांचे जे फोन आले त्यांतले बरेचसे त्या सुट्या मजकुराबद्दलच होते. पान उलटल्याचा तो ‘खर्र’ आवाजही तुम्ही आधी बंद ठेवलात. आमच्या एका जुन्या वर्गणीदारांनी मात्र तो शोधून चालू केला आणि रात्री अकरा वाजता घरच्यांची बोलणी खाल्ली.

कामाचं पाकीट तुम्ही दोनदा परत पाठवलंत. तिसऱ्यांदा ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवलंय, तुमच्या नावाने नोंदवहीत सही करून. आता ते परत घ्यायचं तर मला हिशेब खोडावा लागेल, आणि आमचे खजिनदार कसे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे.

पुढच्या वर्षी कोरं पान मी काढणार नाही.

तुमचा,
अंकाचा संपादक